गोटी कुणी ढकलली

थंडी या विषयात मला कुणी शिकवायला येऊ नये. एकतीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. घाटमाथ्याच्या कातळ सड्यावरच्या आमच्या केंद्रात एक डबा आहे, पुस्तकात त्याला क्रायोस्टॅट म्हणतात. त्याच्या पोटातली थंडी निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम शतांश अंश, आणि ती तिथं राखायचं काम माझं. डॉक्टरेटवाले येतात, निबंध लिहितात, बदलून जातात. डबा आणि जालिंदर पिसाळ जागच्या जागी. केंद्रातली पोरं मागून मला बर्फोबा म्हणतात. म्हणू देत. त्यातल्या एकाला तरी आठवडाभर डबा सांभाळून दाखवू दे, मग बोलू.

डब्यात काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. अतिवाहक धातूचे दोन तुकडे, मधे कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ असा निरोधक थर. याला जोड म्हणतात. यातून वीज काही मर्यादेपर्यंत बिनअडथळा वाहते, विजेचा दाब शून्य. कसं, ते समजायला आप्पेपात्र घ्या. एका खळग्यात गोटी ठेवा आणि पात्र हळूहळू तिरकं करा. गोटी काठाशी येते, पण पडत नाही. त्या अवस्थेत कुणी नुसता स्पर्श केला तरी गोटी निसटते आणि एकामागून एक खळगे ओलांडत खाली सुटते. जोडाचंही तसंच. तो निसटला की दाब उभा राहतो आणि आमच्या मोजणीयंत्रावर एक ठोका पडतो. मग पात्र सरळ करायचं, गोटी परत खळग्यात, पुन्हा तिरकं.

आम्ही बाहेरून सूक्ष्मलहरींचा बारीकसा झोका देऊन गोटीला अगदी काठावर झुलत ठेवतो. अशा वेळी आकाशातून आलेली, एरवी कुठल्याच यंत्राला न कळणारी क्षीण लहरसुद्धा तिला ढकलू शकते. भानगड एवढीच की उष्णताही ढकलते. उष्णता म्हणजे अणूंची थरथर, आणि थरथर म्हणजे धक्का. म्हणून तर एवढी थंडी. आणि एवढं करूनही काही गोट्या आपोआप निसटतातच. डब्याची झडप बंद असली तरी तासाला एकेचाळीस ठोके पडायचे. झडप उघडून आकाश आत घेतलं की चव्वेचाळीस.

गोटी निसटली हे कळतं. कुणी ढकलली हे गोटी सांगत नाही. या एका वाक्यात माझी सगळी नोकरी आली.

म्हणून आमच्या नोंदवहीत एक रकाना आहे, 'कारण'. चव्वेचाळीसच्या वर ठोके गेले की कारण लिहायचंच, रकाना मोकळा सोडायचा नाही, हा पहिल्या संचालकांचा नियम. वीज. विमान. भूकंप. तीन ठिकाणी माझ्या हातचं 'गवा' असं लिहिलेलं आहे. आमची मोठी थाळी आकाश गोळा करते, ते वरच्या लहान आरशावरून खाली गच्चीवरच्या दाराएवढ्या आरशात येतं आणि तिथून वळून डब्यात जातं. गच्ची डोंगराला लागून. गवे चरत चरत यायचे आणि खालच्या आरशात तोंड घालायचे. एवढं ऊबदार जनावर थंड आकाशाच्या वाटेत आलं की ठोके वाढणारच. मग आम्ही आरशाभोवती कठडा बांधला.

त्याच कठड्याशी मी मयूरीबाईंना उभं केलं.

मयूरी थोरात. पुष्कर थोरातची बायको. 'अगस्ती' यान लघुग्रहाकडे निघालं तेव्हा पुष्करचा फोटो कराडच्या प्रत्येक चौकात होता. तिघंजण, तीन वर्षांची रसद. दुसऱ्या वर्षी यानाचा मोठा प्रेषक बंद पडला आणि अकरा महिने शब्द नाही. एकच आशा उरली होती. यानात लहानशा दिव्याएवढ्या ताकदीची एक संकटखूण होती, आणि ती चालू राहायला दिवसातून एकदा माणसाच्या हातानं खटका दाबावा लागायचा. म्हणजे खूण ऐकू आली तर कुणीतरी जिवंत आहे. एवढी बारीक खूण इतक्या लांबून ऐकू शकेल असा डबा देशात एकच. आमचा.

ऐकणं सुरू झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाई चारच्या गाडीनं आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, खांद्याला पिशवी, अंगावर दूध संघाचा पांढरा कोट तसाच. संघाच्या प्रयोगशाळेत तपासनीस होत्या, सकाळची पाळी संपवून थेट आलेल्या.

"आत येऊ देत नसाल तर राहू दे," त्या म्हणाल्या. "यान कुठल्या बाजूला आहे तेवढं दाखवा. मी बघते आणि पावणेसहाच्या गाडीनं जाते."

मी नियमाचा माणूस. आमच्या संचालक नसीमा मुल्ला मॅडम स्वतः पासशिवाय आल्या तर त्यांनाही फाटकाशी उभं करीन. पण त्या बाई आकाशाकडे बघत होत्या आणि चुकीच्या बाजूला बघत होत्या. मला ते बघवलं नाही. मी त्यांना गच्चीवर नेलं आणि म्हटलं, "वर बघून मान दुखेल. या कठड्यावरून खाली वाका. थाळी यानाकडे रोखलेली आहे, म्हणजे या आरशात जे आहे ते तिकडचंच."

त्या वाकल्या आणि सव्वा तास तशाच राहिल्या.

त्या दिवशी ठोके छप्पन झाले.

आत काय गोंधळ उडाला म्हणून सांगू. मॅडमनी तीनदा मोजायला लावलं. झडप बंद, एकेचाळीस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा छप्पन. वेळ साडेचार ते पावणेसहा. यान तर आकाशात तीनपासून सातपर्यंत असायचं, मग मधलाच सव्वा तास का? एकानं लगेच सांगितलं, यान स्वतःभोवती फिरतंय, तेवढाच वेळ त्याचा अँटेना आपल्याकडे तोंड करत असणार. सगळ्यांना पटलं. शहाण्या माणसांना हवं ते कारण सापडायला वेळ लागत नाही, आणि मी तर त्यांच्याहून आधी मान डोलावत होतो. 'कारण' या रकान्यात काय लिहायचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "सध्या मोकळा ठेवा पिसाळ. नजर लागायला नको." मॅडमच्या तोंडी असलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

मयूरीबाई रोज यायला लागल्या.

चहा मी करायचो. त्यांना साखर कमी लागायची, हे तिसऱ्या दिवशी मला पाठ झालं. चहा घेताना त्या पुष्करचं सांगायच्या. तो पिठलं शिळं झाल्याशिवाय खायचा नाही. त्याला शीळ वाजवता येत नव्हती आणि तरी दिवसभर वाजवायचा, नुसती हवा. "घरात एवढी शांतता झालीय ना," त्या एकदा म्हणाल्या, "की मी परवा स्वतःच तशी हवा फुंकत बसले. शेजारीण म्हणाली, गॅस गळतोय का बघा."

आम्ही दोघंही हसलो. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून हे सगळं झालं, जालिंदरभाऊ."

भाऊ म्हणाल्या. बरं वाटलं आणि नाहीही वाटलं. माझं लग्न झालं नाही, याचं कारण कुठल्या रकान्यात लिहावं मला कधी कळलेलं नाही. एकतीस वर्षं सड्यावर काढली, कुणाची वाट बघायची सवय नव्हती. आता साडेतीन वाजले की माझे कान घाटाकडे लागायचे. गाडी शेवटच्या वळणावर भोंगा द्यायची. त्या भोंग्यासाठी मी जगत होतो असं म्हणणार नाही, पण दाढी रोज करायला लागलो होतो.

पाच आठवडे गेले. दिल्लीहून कळलं की सुटकायान तयार आहे. त्यात दोघं जाणार, स्वेच्छेनं. जायला नऊ महिने, आणि येण्याची खात्री कुणी देत नव्हतं. सगळं आमच्या आकड्यांवर अडलं होतं. वीस तारखेला मॅडमनी सही करून अहवाल पाठवायचा आणि यान सुटायचं.

दहा ते बारा तारखेला मयूरीबाईंना ताप आला, त्या आल्या नाहीत. त्या तिन्ही दिवशी ठोके चव्वेचाळीस. आत सगळे काळजीत. यानाची दिशा बदलली असेल, कुणी म्हणालं. मला मात्र ठोक्यांपेक्षा गाडीतून त्या उतरल्या नाहीत याचीच रुखरुख. तेराव्या तारखेला त्या आल्या, ठोके परत छप्पन. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मीही खाल्ला. एवढं डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही, आणि म्हणे थंडीतलं मला कुणी शिकवू नये.

सोळा तारखेला घाटात गव्यांचा कळप रस्त्यावर बसला आणि गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. मयूरीबाई हसत उतरल्या. "तुमचे गवे ऐकेनात," म्हणाल्या. परतीची गाडीही तेवढीच उशिरा सुटली.

सतराच्या सकाळी मी वही लिहायला बसलो. छप्पन ठोके, पण साडेचारला सुरू न होता पाच वाजून दहाला. चाळीस मिनिटं उशिरा. वरच्याच ओळीत माझ्याच अक्षरात होतं, 'टपाल उशिरा, गाडी गव्यांमुळे अडली, ४० मि.'

मी ते दोन्ही आकडे किती वेळ बघत बसलो कोण जाणे. कोट्यवधी मैलांवरच्या यानाला आमच्या घाटातले गवे कसे अडवतील?

उठलो, झडप उघडली, मोजणीयंत्र चालू केलं आणि गच्चीवर गेलो. यान तेव्हा आकाशात नव्हतंच. मी कठड्यावरून वाकलो, त्या वाकायच्या तसाच, छातीपर्यंत. एक तास. आत येऊन आकडा बघितला. छप्पन.

माणसाचं अंग म्हणजे सदतीस अंशांची शेगडी. दिसत नाही, पण आपण सगळे सतत सूक्ष्मलहरी सोडत असतो, अंधारात असो की उजेडात. थंड आकाशाच्या जागी एका बाईचं डोकं आणि खांदे वाटेच्या कडेला आले, तेवढी ऊब आरशातून डब्यात शिरली आणि गोट्या निसटल्या. बास. गव्याचं कारण मी तीनदा लिहिलं होतं. माणसाचं मला सुचलं नाही, कारण त्या माणसाला मीच तिथं उभं केलं होतं.

खरं सांगतो, गप्प बसावं असं वाटलं. पूर्ण अर्धा दिवस वाटलं. नोकरीची भीती होती, पण ती दुय्यम. सांगितलं तर बाईंचा नवरा माझ्या तोंडून मरणार होता. आणि त्यानंतर चारच्या गाडीनं त्या कशाला येणार? नाही सांगितलं तर दुसरी दोन माणसं माझ्या थापेवर स्वार होऊन निघणार होती.

मॅडमच्या आधी मी मयूरीबाईंना सांगायचं ठरवलं. हेही नियमाविरुद्धच.

त्या कठड्याकडे निघाल्या तसं मी म्हटलं, "ताई, आज तिथं नको. इथं बसा." आणि सगळं सांगितलं. आप्पेपात्रापासून गव्यापर्यंत. मला गोड बोलता येत नाही, त्यामुळे दहा मिनिटांत संपलं.

त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे तो ताप," त्या म्हणाल्या. "मी नव्हते तेव्हा खूणही नव्हती."

"हो."

"नमुना घेताना दुधात हात बुडवायचा नाही, हे मी नव्या पोरींना रोज शिकवते." त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "बुडवला तर तो नमुना फेकायचा. कितीही चांगला दिसत असला तरी फेकायचा. आणि पाच आठवडे मी खांद्यापर्यंत बुडाले होते."

"चूक माझी आहे. मी उभं केलं."

"तुमची आहेच," त्या म्हणाल्या, आणि मग रडल्या. कुणाला कसं थोपटायचं ते मला माहीत नाही. मी उभा राहिलो, बसलो, परत उभा राहिलो. शेवटी चहा गरम करून आणला. त्यांनी तो घेतला.

"मॅडमना चला सांगू," त्या डोळे पुसून म्हणाल्या. "जाणाऱ्या दोघांच्या घरी पण कुणीतरी असेल."

मॅडम मला रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी वही मागवली आणि गाडीच्या ओळीवर बोट ठेवलं. वीस तारखेला अहवाल गेला, ठोके चव्वेचाळीस, कारण नाही. सुटकायान थांबलं. मोकळे ठेवलेले सगळे रकाने मी बसून भरले. प्रत्येक ओळीत, 'मयूरी थोरात, कठडा.'

त्या दिवशी निघताना मयूरीबाईंनी विचारलं होतं, "यंत्र 'नाही' म्हणतंय का, भाऊ?"

"यंत्र 'नाही' म्हणत नाही," मी म्हटलं. "त्याला कळलं नाही एवढंच ते म्हणतं. खूण आमच्या डब्याच्याही कानापेक्षा बारीक असू शकते."

"मग ऐकत राहणार?"

"वर्षअखेरपर्यंत. नंतर थाळी दुसऱ्या कामाला जाईल."

मला वाटलं, आता संपलं. दुसऱ्या दिवशी साडेतीनला मी मुद्दाम पंपांच्या खोलीत जाऊन बसलो, तिथं बाहेरचं काही ऐकू येत नाही. सव्वाचारला दारावर टकटक झाली.

"लांब बसते," त्या म्हणाल्या. "कुठं बसू ते सांगा."

मी फाटकाजवळ पिवळी रेघ मारून दिली. त्या तिच्या पलीकडे बसायच्या, स्वेटर विणायच्या, पावणेसहाला आकडा विचारायच्या. चव्वेचाळीस. दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस. असे साडेतीन महिने. स्वेटर कुणासाठी ते मी विचारलं नाही, माप माझ्यापेक्षा मोठं होतं.

एकदा त्यांनीच विषय काढला. "माझी ऊब आरशातून खाली डब्यात गेली. सगळी खालीच गेली का?"

मी विचार केला. उगाच बरं वाटावं म्हणून बोलायची मला सवय नाही, म्हणून मनात सगळी वाट नीट तपासली. "नाही," मी म्हटलं. "वाट दोन्हीकडून चालते. तुम्ही वाकला होतात तेव्हा अंगातली काही ऊब वरच्या आरशात गेली असणार, तिथून थाळीत, आणि थाळी जिकडे रोखली होती तिकडे."

"अगस्तीकडे?"

"अगस्तीकडेच. फारच थोडी. त्यांच्याकडे ती कळेल असं काही यंत्र नाही."

"पण गेली."

"गेली. काही मिनिटांत पोचलीसुद्धा."

 माझ्या मनात आलं ते मी बोलून टाकलं. "म्हणत असाल तर रोज पंधरा मिनिटं झडप बंद करतो. डब्याला काही कळणार नाही. तुम्ही वाका."

"नको," त्या लगेच म्हणाल्या. "झडप बंद असताना नेमका त्यानं खटका दाबला तर? तुम्ही ऐका. ऐकणं महत्त्वाचं."

डिसेंबरची एकतीस तारीख आली. दुसऱ्या दिवशी थाळी वळवायची होती. सड्यावर गवत वाळून सोनेरी झालेलं, ऊन तिरकं. सव्वापाचला मी आकडा घेऊन फाटकाकडे गेलो.

"चव्वेचाळीस," मी म्हटलं. "अजून अर्धा तास आहे."

त्यांनी विणकाम पिशवीत ठेवलं. "भाऊ, झडप लावा," त्या म्हणाल्या. "ऐकून झालं."

मी मॅडमच्या खोलीकडे बघितलं. मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. मी आत जाऊन झडप लावली. बाहेर आलो तेव्हा मयूरीबाई कठड्यावरून वाकल्या होत्या, पहिल्या दिवसासारख्या. ओठांचा चंबू केला होता आणि त्यातून नुसती हवा येत होती, सूर नाही.

मी थोडा वेळ मागे उभा राहिलो. मग कोट काढला, कठड्यापाशी गेलो आणि त्यांच्या शेजारी वाकलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"दोघांची मिळून जास्त जाते," मी म्हटलं.

त्या थोड्या सरकल्या आणि मला जागा करून दिली. गाडीचा भोंगा वाजला तरी कुणी हललं नाही. मॅडमनी कुणाला तरी पाठवून गाडी थांबवून ठेवली.

त्या दिवसाची ओळ मी नंतर लिहिली. झडप बंद, पाच वाजून पंधरा ते पावणेसहा. ठोके नेहमीइतकेच. अशा वेळी कारण लिहायचं नसतं, पण रकाना मोकळा सोडवेना. मी लिहिलं, 'दोन माणसं. अगस्तीकडे.' खाली मॅडमची सही आहे.